शिडी निशाणीचा उमेदवार

हिरवी जीप पुन्हा दुकानापुढून गेली आणि हरिदासचा पाय शिलाई मशीनवर थबकला.

"पाह्यलं?" तो म्हणाला.

दारात उभ्या श्रीहरीनं मान हलवली. "सकाळपासून घिरट्या घालून राह्यली. गुणवंतरावाचीच माणसं."

परवा मतदान होतं. पंच्याऐंशी सालची राजुऱ्याची नगरपालिका. खाणीच्या बाजूच्या वस्तीतून हरिदास उभा होता, निशाणी शिडी. समोर एकटा गुणवंतराव, लाकडाचा ठेकेदार. वस्तीत ना नळ ना दिवा, पण आजवर त्याच्या शब्दाबाहेर कोणी गेलं नव्हतं.

उभं राहायची हौस खरं तर श्रीहरीची. पण विहारातल्या बैठकीत म्हातारे म्हणाले, "श्रीहरी, तुले राग लवकर येते. हरिदासले उभं राहू दे." श्रीहरी जरा वेळ खाली मान घालून बसला. मग त्यानंच उठून हरिदासच्या गळ्यात पहिला हार घातला. त्या दिवसापासून रिक्षावर भोंगा बांधायचा त्यानं, भिंती रंगवायच्या त्यानं, घोषणाही त्याच्याच.

गेल्या आठवड्यात हरिदासच्या टिनाच्या छपरावर दगड पडले. त्याची बायको सीता पोरांना पोटाशी धरून कोपऱ्यात बसली. अंधारात लाठी घेऊन सगळ्यांत आधी धावून आला तो श्रीहरी. दगड मारणारं कोणी सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी खुद्द गुणवंतराव दुकानात आला. बाकड्यावर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "हरिदास, एकटा फिरू नको. तुझ्या जिवाचं बरंवाईट झालं त निवडणूकच रद्द होते. मंग सारं पयल्यापासून. माझी माणसं राह्यतीन तुझ्या मागं."

चहा न घेताच तो निघून गेला. कोपऱ्यात बसलेला श्रीहरी उठून पुढं आला.

"धमकी कशी साखरेत घोळून देते, पाह्य," श्रीहरी म्हणाला.

तेव्हापासून ही जीप. हरिदास विहिरीवर गेला तरी जीप, सभेला गेला तरी जीप. पोलीस चौकीत श्रीहरी जाऊन आला होता. "हसले माह्यावर," एवढंच त्यानं सांगितलं.

आता तो दुकानात येऊन हरिदासच्या जवळ बसला.

"माह्यं ऐक. दोन दिवस इथून निंग. जंगलात माहा साडू राह्यते, चैतू. बांबू तोडते. त्याच्या झोपडीत कोणी येत नाई. मतदानाच्या सकाळी मी तुले आणतो."

"अन् प्रचार?"

"तो माह्याकडं."

"सीतेले सांगून येतो मंग."

"नको. जीपवाल्यानं दरडावलं त बोलून जाईन बिचारी. मी निरोप धाडतो तिले."

हरिदासनं मशीनवर कापड टाकलं आणि मागच्या दारानं निघाला. गल्लीच्या टोकाशी श्रीहरीची फटफटी उभी होती. वस्ती मागं पडली, दगडी कोळशाचे ढीग मागं पडले, आणि नेमकी तेव्हाच मागून जीपची घरघर ऐकू आली.

"आली!" हरिदासनं श्रीहरीची कंबर घट्ट धरली.

श्रीहरीनं फटफटी डांबरी सडकेवरून बैलगाडीच्या वाटेला घातली. धूळ उडाली. जीपही वळली. हॉर्न वाजत होता, थांबायचं नाव नव्हतं. पुढं नाला लागला. फटफटी खडकावरून उड्या मारत पार झाली. जीपची चाकं वाळूत रुतली. एक माणूस खाली उतरून गुडघाभर पाण्यात धावत आला.

"हरिदासभाऊ, थांबा! अहो, थांबा!"

हरिदासनं डोळे मिटून घेतले.

जंगल दाट होत गेलं. सागाची रुंद पानं, मोहाची झाडं, मग नुसते बांबू. झोपडी आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. चैतू दारात कुऱ्हाडीला धार लावत होता. त्यानं श्रीहरीकडं बघितलं, हरिदासकडं बघितलं, आणि पुन्हा दगडावर पातं फिरवू लागला.

हरिदास मडक्यातलं पाणी घटाघटा प्याला. कान देऊन ऐकलं. जीपचा आवाज कुठंच नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास घेता आला, आणि एकदम हसूही आलं.

"श्रीहरी, तू नसता त मी मेलोच होतो गड्या. निवडून आलो ना, त पयला नळ तुह्या दारापुढं लावतो."

"तू निवडून नाई येत, हरिदास."

"काऊन?"

"घरोघर फिरलो न मी. लोक तोंडावर हो म्हणते, पण शिक्का त्यालेच मारतीन. भेतेत त्याले." श्रीहरी वाळकी काडी मोडत होता. "भेव जाऊन त्याईले चीड आली पाह्यजे. तशी चीड आली त शिडीवर कोणीबी उभा राहो, येते निवडून."

"दोन दिवसांत कुठून येईन चीड?"

श्रीहरीनं मोडलेली काडी फेकून दिली. धार लावायचा आवाज थांबला होता. चैतू उठून पाऊलवाटेवर जाऊन उभा राहिला, परतीच्या वाटेवर.

हरिदासला सीतेची आठवण झाली. एव्हाना ती दुकानात डोकावली असेल.

"सीतेले निरोप धाडला ना तू?"

"हो. निंगायच्या आधीच माणूस पाठवला."

"काय सांगतलं तिले?"

श्रीहरीनं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"गुणवंतरावाच्या जीपनं तुले उचलून नेलं म्हणून."