मागचा डावा कोपरा

"हे नको," म्हणत बाबांनी बनियन मुलीच्या मांडीवर परत टाकलं.

"का? धुऊन धुऊन लोण्यासारखं झालंय की."

"शिवण बघ त्याची. रंगावरून फिरली की ओरखड्यांचं जाळं उमटेल. गाडी आहे ती, परात नाही."

तळमजल्यावरच्या घराचं दार थेट इमारतीखालच्या पार्किंगमध्ये उघडायचं. मुलगी त्या दाराच्या पायरीवर कापडांचा ढीग घेऊन बसली होती. वॅक्स लावायला मदत करते, असं सांगून ती सकाळीच आली होती. खरं कारण वेगळं होतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला होता. "तुझ्या वडिलांनी पुन्हा गाडी खांबाला घासली गं. मागचा डावा कोपरा. आज खांब आहे, उद्या माणूस असेल."

मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. बाबांची नजर अधू निघाली, तर चावी घेऊनच घरी जायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पण तपासायला दुकानात बोलावलं असतं, तर बाबा जन्मात फिरकले नसते. म्हणून तपासणी इथंच, त्यांच्या नकळत.

तिनं स्वतः आणलेलं एक नवं मायक्रोफायबर पुढं केलं. त्याच्या कडेला नखाएवढं पारदर्शक लेबल तिनं मुद्दाम राहू दिलं होतं. बाबांनी ते हातभर लांब धरलं.

"लेबल काढायचं राहिलंय," म्हणाले आणि कात्री मागितली.

जवळचं उत्तम, तिनं मनात नोंदवलं. मग बाबांची पाठ वळताच तिनं एक कापड फरशीवर टाकलं, उचललं आणि ढिगाच्या मध्ये सरकवलं. बाबांनी ते उजेडाकडं तिरकं धरलं.

"हे खाली पडलं होतं? वाळूचा कण आहे."

"कुठं?"

"हा काय."

तिला चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून बघावं लागलं. कण होता.

"हे आता चाकांना," बाबांनी निकाल दिला. "रंगाशी त्याचा संबंध संपला."

ती पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथून दोन कापडं उंच धरली. "यातलं कुठलं आणू?"

"तुझ्या डाव्या हातातलं. त्याची लव लांब आहे, शेवटच्या पुसण्याला बरं. लावायला माझी स्पंजची चकती आहे." मग भुवया उंचावून ते म्हणाले, "आणि मघापासून माझ्या कानापाशी हात का हलवत होतीस? माशी होती का?"

कडेचंही उत्तम. मुलगी खट्टू झाली. असे डोळे दुकानात आले असते, तर तिनं बिनाचष्म्याचे परत पाठवले असते.

इकडं आईच्या फेऱ्या चालूच होत्या. गाडीत मागच्या सीटवर डोळे घट्ट मिटून बसणारी आई आज गाडीपासून हलत नव्हती. आधी तिनं उशीचा अभ्रा आणला. मग स्वतःचा कोरा टॉवेल.

"अहो, हा घ्या. अजून अंगालाही लावला नाही मी."

"टॉवेल नको गं. ओरबाडतो."

"पण जाईल ना हो तो ओरखडा?"

"वॅक्सनं जात नाही. झाकतो जरासा."

"जरासा म्हणजे किती?" असं विचारून, उत्तराची वाट न पाहता आई आणखी काहीतरी मऊ शोधायला आत गेली.

बाबा पातळ थर देत, एकेक भाग करत पुढं सरकत होते. धुरकट झालं की पुसत होते. दोनदा पुसलं की कापडाची घडी उलटत होते. शेवटी ते मागच्या डाव्या कोपऱ्याशी आले. तिथं ओरखड्यांवर ओरखडे होते. शेजारी खांब उभा होता, दोघांच्या कवेत मावणार नाही एवढा, वर पिवळेकाळे पट्टे मारलेला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्हाला वाळूचा कण दिसतो. हा खांब दिसला नाही?"

बाबांनी खांबाकडं नवीन ओळख झाल्यासारखं पाहिलं.

"वय झालं आता. अंधुक दिसतं."

"आत्ता तर लेबल दिसलं!"

"कापडाचं वेगळं, खांबाचं वेगळं."

"असा कुठलाही आजार नसतो, बाबा."

"डोळ्यांचं तू शिकलीस ना? मग तुला ठाऊक हवा."

हा माणूस आयुष्यभर आरेखक होता. नकाशातली रेघ चुकली तर कागदाला दोष द्यायचा, पण स्वतःची चूक कधी कबूल करायचा नाही. आज तो आपण होऊन आंधळा व्हायला निघाला होता. कारण कळेना, पण कबुली तर कबुलीच.

"मग चावी मी घेऊन जाते," ती म्हणाली.

आता आकाशपाताळ एक होईल म्हणून तिनं खांदे आवळले. बाबांनी हात पुसले. खिशातून चावी काढली आणि तिच्या तळव्यावर ठेवली. बोटं मात्र चावीवरून लगेच उठली नाहीत.

"ने," ते म्हणाले. "कव्हर मी घालून ठेवीन."

तिनं मूठ मिटली.

दारात आई उभी होती, हातात लोकरीचा मफलर घेऊन. तिनं मुलीच्या मुठीकडं पाहिलं, मग बाबांकडं. बाबांनी घाईघाईनं नकारार्थी मान हलवली. आईनं तिकडं साफ दुर्लक्ष केलं आणि पायरी उतरून हात पुढं केला.

"चावी दे इकडं. बुधवारी माझी लायसन्सची टेस्ट आहे, आणि मला अजून रिव्हर्स जमत नाही."