मधलं नाव

राजाच्या आंधळ्या भावाची बोटं ताम्रपटावरून सरकू लागली, तसा नागोजा त्या बोटांकडे टक लावून पाहू लागला.

तांब्याच्या त्या पत्र्यावर राजघराण्याची वंशावळ त्यानेच कोरली होती. पुढे थोरल्याचे डोळे काढून धाकटा गादीवर बसला आणि हुकूम आला, थोरल्याचं नाव घालव. नागोजाने पत्रा तापवून, ठोकून ते नाव सपाट केलं. पण एक घाव जरा जोरात बसला. नजरेला काही दिसत नव्हतं, बोटाला मात्र तिथे खळगा लागत होता.

"दादा, नीट चाचपा," राजा मजेत म्हणाला. "डोळे फसतात, तुमची बोटं नाही फसायची. तुमचं नाव सापडलं, तर या कारागिराचे हात तोडतो."

बोटं एकेका पूर्वजावरून खाली उतरली, वडिलांच्या नावावर रेंगाळली आणि त्या खळग्यात येऊन थांबली. हलेचनात. नागोजाने डोळे मिटून घेतले.

"बाबांनंतर तूच आहेस," थोरला शांतपणे म्हणाला. "मधे कुणी नाही. जाऊ दे बिचाऱ्याला."

त्याच्या पायांवर डोकं ठेवावं असं नागोजाला फार वाटलं, पण राजासमोर धीर झाला नाही. राजाने खूश होऊन नागोजाच्या मनगटात सोन्याचं कडं चढवलं. मग तो थोरल्याला कोठडीतून घेऊन आलेल्या पहारेकऱ्याकडे वळला.

"ऐकलंस ना? बाबांना दुसरा मुलगाच नव्हता. मग उद्यापासून त्या कोठडीत ताट कुणासाठी नेणार?"