परत करायचे कपडे

कपाटाचं दार लागेना म्हणून पोस्टमास्तरांनी गुडघा लावून पाहिलं, तर आतली स्वेटरांची चळत त्यांच्याच पायांवर कोसळली.

"अगं, ये जरा इकडे," त्यांनी बायकोला हाक मारली. "आज याचा सोक्षमोक्ष लावू."

ती हात पुसत आली आणि पलंगाच्या कडेला टेकली. मास्तरांनी निवृत्त होईपर्यंत टपालाची वर्गवारी केली होती, ढिगाऱ्यांना ते कधी भ्यायले नव्हते. त्यांनी जमिनीवर तीन जागा ठरवल्या. ठेवायचे कपडे, देऊन टाकायचे आणि दुकानाला परत करायचे.

तिसरा ढीग बघता बघता खुर्चीएवढा झाला. अंगाला न लागलेले ड्रेस, घडी न मोडलेले स्कार्फ, एकाच रंगाचे स्वेटर. सगळ्यांची लेबलं जागच्या जागी, आणि सगळं बाजारातल्या त्या एकाच तीनमजली दुकानातलं.

एक ड्रेस मास्तरांनी उंच धरला. त्यात ती दोनदा मावली असती.

"हा तुला होतो तरी का?"

"नाही होत."

"मग घेतलास कशाला?"

"बदलून मिळतो म्हणाले."

"आणि बदलायला गेलीस की आणखी एक घेऊन येतेस."

"तिथे गेलं की हात आवरत नाही माझा."

मास्तरांनी एक स्वेटर स्वतःच्याच अंगात चढवला. "कसा दिसतो?"

"उशीला अभ्रा घातल्यासारखे," ती म्हणाली, पण हसली नाही.

कपड्यांनी आता मुलीच्या खोलीतही हातपाय पसरले होते. मुलगी गेल्यावर ती खोली मास्तरांनीच रिकामी केली होती. पुस्तकं, कपडे, सगळं एका दुपारी उचलून देऊन टाकलं. बैठकीतला तिचा फोटोही उतरवला. रोज डोळ्यांसमोर नको, म्हणाले. घरात तिचं नाव काढायचं नाही, असंही त्यांनीच बजावलं. बायकोला खरेदीचं वेड लागलं ते त्यानंतरच. पोटचं पोर असं गेलं की आई कशात तरी जीव रमवते, असं शेजारीण म्हणाली होती. मास्तरांनी विषय बदलला होता.

"ती खोली मोकळी करू," ते आता म्हणाले. "खिडकीपाशी तुझं शिलाई मशीन मांडून देतो."

"तिच्या खोलीत नको काही."

"गेली ती गेली. खोलीनं काय घोडं मारलंय?"

तिनं ढिगातला एक स्कार्फ मांडीवर ओढून घेतला.

"हे बघ," मास्तर जरा नरमले, "आता त्या दुकानाची पायरी चढायची नाही. जमेल?"

तिनं मान डोलावली. मग म्हणाली, "एकदा जाऊन सांगून येऊ का?"

"काय?"

"आता येणार नाही म्हणून."

मास्तरांना हसू आलं. "दुकानाला कसला निरोप द्यायचा? तू नाही गेलीस तर दुसरं गिऱ्हाईक जाईल."

तिनं मांडीवरचा स्कार्फ उलगडला आणि त्याची पुन्हा तशीच घडी घातली.

तिनं शब्द पाळला. कपाटाचं दार आता एका बोटानं लागत होतं, आणि मास्तरांनी ते शेजारणीला मुद्दाम लावूनही दाखवलं. पण बायको मात्र हळूहळू मिटत गेली. बाजाराच्या दिवशी केस विंचरायची, चप्पल घालायची आणि तशीच दाराजवळच्या स्टुलावर बसून राहायची. मग चप्पल काढून आत जायची. ताटातलं निम्मं ताटातच राहायला लागलं.

सवय सुटताना जीव कासावीस होतोच, असं मास्तरांनी स्वतःला समजावलं. तिला चहा करून दिला, नदीकडे फिरायला नेलं. ती बरोबर चालायची, पण तिचं लक्ष तिथे नसायचं. थंडी वाढली तसं तिला खोकल्यानं धरलं आणि ती अंथरुणाला खिळली. खोकला औषधानं जाईल, पण पोटात काही जायला हवं, असं डॉक्टर म्हणाले.

मास्तर एका सकाळी पेज घेऊन तिच्या उशाशी बसले. "तुला हवंय तरी काय? सांग मला."

तिनं डोळे उघडले. "तो ढीग तेवढा परत करून या."

मास्तरांना बरं वाटलं. मन ताळ्यावर येतंय म्हणायचं.

"दुसऱ्या मजल्यावर द्या," ती म्हणाली. "स्वेटरांच्या काउंटरला."

"कुठेही दिले तरी एकच ना?"

"तिथेच द्या. आणि शर्ट बदलून जा."

"कपडे परत करायला कोण नटून जातं?" असं म्हणत त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला.

दुकानात दुपारची सामसूम होती. दुसऱ्या मजल्यावर गळ्यात टेप अडकवलेली एक बाई पाठमोरी उभी राहून घड्या घालत होती. मास्तरांनी कपड्यांच्या दोन गच्च पिशव्या काउंटरवर ठेवल्या आणि खिशातल्या पावत्या काढून, जुन्या सवयीनं, तारखेप्रमाणे लावायला घेतल्या.

"हिचं हे सगळं परत करायचंय," ते पावत्यांकडे बघतच म्हणाले. "लेबलं जागेवर आहेत."

पिशवी पलीकडे ओढली गेली. एक स्वेटर बाहेर आला, मग दुसरा. मग स्कार्फ.

"सगळंच?" आवाज अगदी बारीक होता.

"सगळंच. ठेवून काय करू? आता ती काही इथे यायची नाही."

 पावत्या लावून झाल्या तरी कुणी हात पुढे करेना, म्हणून मास्तरांनी वर पाहिलं.

स्कार्फ छातीशी घट्ट धरून ती म्हणाली, "आई आहे ना, बाबा?"