होडीचा मांडव

बावन्न साली उधाणानं अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरचं झोपडं नेलं आणि कचेरीत खेपा घालूनही हिरूला दुसरी जागा मिळेना. पावसाळाभर ती, नवरा आणि तीन पोरं पोशा तांडेलाच्या मांडवात राहिली, झावळ्यांखाली ओढून ठेवलेल्या त्याच्या होडीच्या कडेनं अंग चोरून. नारळी पुनवेला होडी पाण्यात गेली की मांडव मोडायचा, ही गावाची रीतच.

पुनवेला होडी दर्यात उतरली. वाजतगाजत चाललेल्या गर्दीकडं पाठ करून हिरूनं मडकी बांधायला घेतली.

"गाठोडं कशाला गं?" तांडेलानं विचारलं.

"मांडव मोडनार ना, दादा?"

"येडी की खुळी! आता कुठं पोरांना पाय पसरायला जागा झाली. म्होरल्या पावसात होडी शोधंल दुसरं घर."