पाचवा निकाल

पडद्यावर आकडा उमटला तेव्हा विमलबाईने तो तीनदा वाचला. गणित, अडतीस. खालच्या चौकटीत 'उत्तीर्ण'.

पेणच्या स्टँडजवळच्या त्या सायबर कॅफेत गर्दी होती. मागे दोन पोरी आपला नंबर लागायची वाट बघत उभ्या होत्या. विमलबाईची धाकटी जाऊ शांती बाहेर पायरीवर बसली होती. आधीचे चार निकाल तिने स्वतः पडद्यासमोर उभं राहून बघितले होते आणि चारही वेळा ती गणितात गेली होती. आज मात्र तिने आसन क्रमांकाचा कागद विमलबाईच्या हातात दिला. "तूच बघ ताय. मला नाय बघवत."

कासूजवळच्या त्यांच्या वाडीत दहावी झालेली सून एकच, विमलबाई. पहिल्या फटक्यात पास. रेशनकार्डाचा अर्ज असो की बँकेची स्लिप, बायका तिच्याच ओटीवर यायच्या. शांतीची शाळा सातवीतच सुटलेली. ती अंगणवाडीत खिचडी शिजवायची. सेविका व्हायला दहावी लागते असं तिला कोणीतरी सांगितलं, आणि तेव्हापासून शेतावरून आली की हातपाय धुऊन ती वही घेऊन विमलबाईसमोर बसायची. एकच गणित चार-चार वेळा विचारायची. विमलबाई सांगायची. सांगताना तिला बरं वाटायचं, कारण शांतीला ते येत नसे.

अंगणवाडीच्या मुलाखतीचं पत्र एकदा विमलबाईलाही आलं होतं. त्या दिवशी घरात पाहुणे होते. सासूबाई म्हणाल्या, पुढल्या वेळी बघू. ती बरं म्हणाली. पुढल्या वेळी तिने अर्जच केला नाही.

"झालं का हो बाई?" मागच्या पोरीने विचारलं.

विमलबाईने पान बंद केलं आणि ती बाहेर आली. शांती उठून उभी राहिली. काय सांगायचं हे विमलबाईने ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं ते एवढंच.

"गेलं गो."

"गणित?"

"गणितच."

शांती पुन्हा पायरीवर बसली. विमलबाई तिच्याकडे बघत राहिली. आता ही रडेल. म्हणेल, पुरं झालं, माझ्यानं नाय व्हायचं. मग आपण तिच्या पाठीवरून हात फिरवू. आठ दिवसांनी गुणपत्रिका हातात आली की सगळं उघडं पडणार, हे तिला कळत होतं. तरी ते आठ दिवस तिला हवे होते.

शांती रडली नाही. तिने चपलेचा निसटलेला अंगठा बोटाने बसवला.

"किती पडलं?"

"एकोणतीस."

"मागल्या वेळी चोवीस हुते." शांतीने जरा विचार केला. "म्हंजे पाच वाढले. चल, शाळेत जाऊन फेरपरीक्षेचा फॉर्म भरू."

"आजच?"

"आलोच हाव तर. उद्यापासनं पेरणी हाय, मग कवा यायचं?"

ती चालायलाही लागली. गणपतीच्या कारखान्यांपुढे पांढऱ्या मूर्ती ओळीने वाळत ठेवल्या होत्या. त्यांच्या कडेकडेने शांती पुढे आणि विमलबाई मागे. चालता चालता शांती बोलत होती. भूमितीत हात बसलाय, आकडेमोडीत घाई होते, आता रोज दुपारी बसू. विमलबाईला तिच्या पाठीचा राग यायला लागला. ताठ, घाईघाईने पुढे जाणारी पाठ. ही सहाव्यांदा बसेल. सातव्यांदाही बसेल. आपण हिला आज नापास केलं आणि हिने त्याचा फॉर्म करून टाकला. असलं काही आपल्यात कधी नव्हतंच. आपल्याकडे नुसते मार्क होते.

शाळेच्या फाटकात शिपाई बसला होता. शांती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"दादा, फेरपरीक्षेचे फॉर्म कोण देतं?"

विमलबाईने तिचा दंड धरला.

"नको विचारू. पास झालीस तू. अडतीस हायत."

शांती वळली. शिपायानेही वर बघितलं.

"मग मघाशी?"

"मघाशी…" विमलबाईचा हात तिच्या दंडावरून सुटला. "मघाशी मला तसं सांगावंसं वाटलं."

शांती फाटकाला टेकली, पदर तोंडाशी धरला आणि रडली. पायरीवर रडली नव्हती, ते आता रडली. विमलबाई दोन हात लांब उभी राहिली. पाठीवर हात ठेवायला ती पुढे झाली नाही.

परतीच्या मिनिडोर रिक्षात दोघी शेजारी बसल्या. समोर त्यांच्याच वाडीची धोंडुबाई बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"काय गो शांते, आज तुझा निकाल हुता ना?"

"पास झाले," शांती म्हणाली. "पयलं तायला कळलं."

"बरं झालं गो. अख्ख्या वाडीला सांगीन मी." धोंडुबाई विमलबाईकडे वळली. "आन तू का गप? तुझी जाऊ पास झाली, चार शब्द बोल की."

विमलबाईने तोंड उघडलं. तिच्याआधी शांतीच बोलली.

"नको तिला विचारू मावशे. दमलीय ती. पाच वेळा आलीय माझ्यासंगट."