कॉस्मसचा नातू

कॅरिबियन समुद्रातल्या कारिआकू बेटाची लांबी सात मैल आहे हे सिस्लिनला त्या तरुणाकडून कळले, आणि तिचा संशय पक्का झाला. या बेटावर जन्मून तिने सत्तरी ओलांडली होती. ते मोजावे असे तिच्या ओळखीत कोणालाही कधी वाटले नव्हते.

“आणखी काय ठाऊक आहे तुला?” तिने विचारले.

“आधी फ्रेंच आले, मग इंग्रज. पुन्हा फ्रेंच, पुन्हा इंग्रज,” अँसेल म्हणाला. “कापसात राम उरला नाही तसे मळेवाले निघून गेले. बेटावर नदी नाही, म्हणून घरोघरी पावसाचं पाणी टाकीत साठवतात. समोर दिसतंय ते युनियन बेट. तो दुसरा देश.”

“माझ्या टाकीतलं पाणी पिऊन मलाच शिकव.”

बाकावरच्या बायका हसल्या. सिस्लिन हसली नाही.

काल ग्रेनाडाच्या बोटीतून उतरलेला हा तरुण इंग्लंडात वारलेल्या तिच्या भावाचा, कॉस्मसचा, नातू म्हणवून घेत होता. सकाळी तो विहिरीपासून किनाऱ्यापर्यंत मोजायची टेप लावत असताना तिला स्वयंपाकघरातून दिसला होता. जमीन साऱ्या घराण्याची होती, कधीच न वाटलेली. एका हॉटेलवाल्याला ती हवी होती, आणि आजवर रक्ताच्या एकाही वारसाने त्याला होकार दिला नव्हता. त्याला फक्त एक वारस आपल्या बाजूला फुटून यायला हवा होता. खरा नसला तर बनवलेलाही चालला असता.

आज तिच्या वडिलांच्या थडग्यावर, मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी करायच्या बेटाच्या रीतीप्रमाणे, शिळा बसवली होती. आत मेजावर पितरांचे ताट वाढून ठेवले होते आणि अंगणात ढोल मांडले होते. सिस्लिन म्हाताऱ्या ढोलवाल्या फर्डीच्या कानाशी वाकली.

“आमचं कूळ सगळ्यांत शेवटी वाजव. आणि कोणतं वाजवतोयस ते तोंडाने सांगू नकोस.”

“पाहुण्याला सापळा लावतेस होय गं?”

“सापळा उंदरासाठी असतो. पाहुण्यानं कशाला भ्यावं?”

गुलाम म्हणून आणलेले आपले पूर्वज आफ्रिकेतल्या कोणत्या कुळाचे, हे इथे बापाकडून मुलाला कळत असे. ज्या कुळाचा ताल वाजेल, त्याच घरांची माणसे रिंगणात उतरत.

रिंगणात रम शिंपडली गेली. क्रोमांटींचा ताल झाला, इग्बोंचा झाला. अँसेल बसून होता. मँडिंगांच्या तालावर त्याचा अंगठा हलला आणि सिस्लिनचे डोळे बारीक झाले. पण तो उठला नाही.

मग सगळ्यांत शेवटी फर्डीने सिस्लिनच्या घराण्याचा, टेम्ने कुळाचा, ताल धरला.

अँसेलने बूट काढून बाकाखाली नीट ठेवले आणि तो रिंगणात गेला. हात बरोबर चालत होते, मानही बरोबर होती. मात्र दर फेरीला त्याचा डावा पाय मागे राहायचा आणि तो फरफटत पुढे आणायचा. टेम्नेंच्या नाचात असे काही नव्हते.

“साहेबांचा पाय मुरगळला वाटतं,” एक बाई म्हणाली, आणि अंगण हसले.

फर्डी हसला नाही. त्याने सिस्लिनकडे पाहिले. लहानपणी बांधकाम चालू असलेल्या गलबतावरून कॉस्मस पडला, तेव्हा त्याला पाठीवर घालून घरी आणणारा फर्डीच होता. तो डावा पाय पुढे कधी सरळ झाला नाही.

“हे तुला कोणी शिकवलं?” सिस्लिनने विचारले.

“आजोबांनी. दर रविवारी, खुर्च्या बाजूला सारून.” अँसेल धापा टाकत होता. “काही चुकलं का?”

फर्डीने ढोलावरून हात उचलला.

“नाही,” ती म्हणाली. “तो असाच नाचायचा.”

बाकावर ती थोडी सरकली. अँसेल शेजारी येऊन बसला. तिने तळहात पुढे केला.

“ती टेप दे इकडं.”

“आजी, मी फक्त बघत होतो की…”

“परक्याला हाकलून देता येतं रे. तू घरचा निघालास. आता मरेपर्यंत तुझ्यावर नजर ठेवणं आलं.”

त्याने टेप दिली. तिने ती एप्रनच्या खिशात खोल सारली, आणि त्या खिशावर हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने आपली मक्याची थाळी त्याच्यापुढे सरकवली.