नववीची हजेरी

"बबिताची हजेरी कोण देतं? देवापुढं उभे आहात, खरं सांगा."

प्रार्थना नुकतीच संपली होती. मुख्याध्यापिका सत्यशीलाबाईंच्या हातात नववीचा हजेरीपट होता. दिवाळी होताच बबिता आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. टोळीचा ट्रॅक्टर शाळेवरूनच गेलेला बाईंनी आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. हजेरीपटात मात्र महिनाभर ती रोज हजर. वर्गशिक्षकांचं डोकं काही वहीतून वर निघायचं नाही, आणि मागून कुणीतरी बिनदिक्कत 'हजर' म्हणायचं.

बाईंना वाटलं, आता सगळी मूग गिळून बसतील. पण बबिताची मैत्रीण दिपाली पुढं आली. तिच्यामागून एकेक करत अख्खी नववी पुढं आली.

"आमीच देतो, बाई. पाळीपाळीनं."

बाईंचा ऊर भरून आला. यातलं एकही पोर ख्रिस्ती घरातलं नव्हतं, पण मिशनच्या शाळेतली पोरं खोटं बोलत नाहीत, असं धारूरच्या बाजारातही म्हणत. ते श्रेय बाई मनोमन स्वतःकडे घेत. त्यांनी सगळ्यांना शिक्षा माफ केली. नियम तेवढा पाळला. महिनाभर गैरहजर म्हणून बबिताचं नाव पटावरून कमी केलं आणि तिच्या बापाला, सुग्रीवला, स्वतः फोन करून तसं कळवलं.

"बरं झालं, बाई," सुग्रीव म्हणाला. माणूस समजूतदार दिसतोय, असं त्यांना वाटलं.

जानेवारीत एक दिवस दिपाली ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली.

"बबिताचं लगीन लावलं, बाई. तिकडंच, कारखान्यावर, पाचटाच्या कोपीम्होरं. शाळेत नाव हाय तवर लगीन करणार न्हाई, असा तिच्या बापानं शब्द दिलता."

ते नाव या पोरांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. शाळेचं सत्त्व आपण सांभाळतोय, असं त्या इतकी वर्षं समजत आल्या. सांभाळत होती ती ही पोरं, आणि आपण त्यावर नियमाचा वरवंटा फिरवला. पंधरा वर्षांची पोर. आता कुणाला फोन करणार आणि काय सांगणार?

"तुला हे ठाऊक होतं ना गं? मग त्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

दिपाली खाली बघत म्हणाली, "हजेरी कोण देतं, येवढंच इचारलं तुमी. कावून देता, ते न्हाई इचारलं, बाई."